गदगची एक लॉरी

सीमाभागाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपली लेखणी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपाशी जाते, तिथून महाजन अहवालाकडे वळते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारात थांबते. हा इतिहास आपल्या घराघराने सोसला आहे. त्याचे मोल मी कमी करीत नाही. परंतु याच वर्षांत आपली पेठ कशी चालली, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी, निपाणीची तंबाखू, ब्याडगीची मिरची आणि उद्यमबागेतले ओतीव सुटे भाग सीमा ओलांडून कसे जात राहिले, हे आपण फारसे लिहून ठेवले नाही. तो इतिहास सभांच्या ठरावांत सापडत नाही. तो ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये घडला.

आधी रेल्वेचे पाहू. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. पण मिरजेपुढे बेळगाव, हुबळी, बंगळूर हा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. मुंबईहून निघालेला माल मिरजेला एका वाघिणीतून उतरवायचा आणि दुसरीत भरायचा. त्यात दिवस जात, खोकी फुटत. शिवाय रेल्वेचा कल वाघिणीभर, पुढे गाडीभर मालाकडे वाढत गेला. दोन पेट्या किंवा चार गाठी पाठवणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्याला तिथे कोण विचारणार?

रस्ता मोकळा होता असेही नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली लॉरी धावायची ती परवान्याच्या दोरीला बांधलेली. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालवायचा तर तिथली मंजुरी हवी. ज्या जिल्ह्याची बाजारपेठ कोल्हापूर-सांगलीकडे आणि कचेरी बंगळूरकडे, त्याला ही अडचण रोजची. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि ही दोरी थोडी सैल झाली. पुढे १९७९ मध्ये कर्नाटकाने जकात रद्द करून प्रवेशकर आणला. निदान कर्नाटकापुरते गावोगावच्या जकात नाक्यांवर लॉरी खोळंबणे संपले. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात त्यानंतर वीस वर्षे, म्हणजे १९९९ पर्यंत टिकली, आणि मुंबई महापालिकेची तर २०१७ पर्यंत.

या दोन बदलांच्या मधोमध, १९७६ मध्ये, गदगच्या विजय संकेश्वर यांनी एक लॉरी घेऊन धंदा सुरू केला. घराण्याचा व्यवसाय छपाई आणि पुस्तक-प्रकाशनाचा. आडनावातले संकेश्वर मात्र आपल्या हुक्केरी तालुक्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. लवकरच कारभार हुबळीला आला. ही निवड नकाशा पाहिला की उमगते: मुंबई-पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग आणि कारवार किनाऱ्याकडून गदग-होसपेटकडे जाणारा रस्ता हुबळीत एकमेकांना भेटतात. १९८३ मध्ये ‘विजयानंद रोडलाइन्स’ ही खासगी मर्यादित कंपनी झाली.

इथे धंद्याची रीत समजून घ्यायला हवी. एका गिऱ्हाइकाचा लॉरीभर माल इथून तिथे नेणे सोपे. एक भरणारा, एक उतरवून घेणारा. पार्सलचे काम निराळे. बेळगावच्या रविवार पेठेतून एक खोके होसपेटला जायचे आहे. तेवढ्यासाठी लॉरी निघत नाही. म्हणून गावोगावचा माल संध्याकाळी मोठ्या ठाण्यावर आणायचा, उतरवायचा, गावाप्रमाणे वेगळा करायचा आणि ज्या गाडीचा जो रस्ता त्या गाडीत पुन्हा भरायचा. यात हमालाची नजर आणि कारकुनाची वही एकदा चुकली की खोके भलत्याच गावी जाते. गाडी वेळेवर सुटणे हा तर या पद्धतीचा प्राणच. बहुतेक ट्रान्सपोर्टवाले दलालाकडून भाड्याची लॉरी घेत. ती मिळेल तेव्हा माल निघे. संकेश्वरांनी भर दिला तो स्वतःच्या गाड्यांवर. पुढे वरूरच्या आवारात दुरुस्ती आणि बॉडी बांधणीही स्वतःच सुरू केली. पाहता पाहता खासगी क्षेत्रातला सर्वांत मोठा वाहनताफा म्हणून लिम्का बुकात नोंद झाली.

पण माझ्या मते या सगळ्याचा पाया लॉरी नव्हे, एल.आर. आहे. आपण जिला बिलटी म्हणतो तो कागद. १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टपासून माल हरवला किंवा खराब झाला तर जबाबदारी वाहतूकदारावर असते, आणि बिलटी हा त्याचा पुरावा. विकणारा ती बँकेमार्फत पाठवी. घेणाऱ्याने बँकेत पैसे भरले की बिलटी हाती आणि बिलटी दाखवली की माल ताब्यात. एकमेकांना कधी न पाहिलेले, एकमेकांची भाषा न जाणणारे दोन व्यापारी या कागदावर व्यवहार करीत. मी गोडाऊनमध्ये शेजारी शेजारी पडलेल्या गाठी पाहिल्या आहेत. एकीवर मार्का देवनागरीत, दुसरीवर कन्नडात. हमाल दोन्ही बिनचूक ओळखत.

घरच्या मालकीच्या धंद्यात धाडस करायला मुभा असते. कंपनीने कुरियर काढले, १९९६ मध्ये प्रवासी बस सुरू केल्या. १९९९ मध्ये संकेश्वरांनी ‘विजय कर्नाटक’ हे दैनिक काढले, काही वर्षांत ते कन्नडमध्ये आघाडीवर नेले आणि २००६ मध्ये टाइम्स समूहाला विकले. वर्तमानपत्र हेही एक पार्सलच. ते पहाटेपूर्वी पोहोचले पाहिजे, हे लॉरीवाल्याला कोणी शिकवायला नको.

या वाढीची दुसरी बाजू सांगायला हवी. वेळापत्रकाने धावणाऱ्या मोठ्या ताफ्यापुढे एक-दोन लॉऱ्यांचा मालक पार्सलच्या धंद्यात टिकणे कठीण झाले. कोणी लॉरीभर मालाकडे वळला, कोणी गाडी विकून पगारी ड्रायव्हर झाला. गिऱ्हाइकाची सोय झाली. स्वतःच्या गाडीवर कुलदैवताचे नाव रंगवणाऱ्याचे स्वातंत्र्य मात्र गेले.

२०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी आणि हुबळीचे हुब्बळ्ळी झाले. एप्रिल २०१५ मध्ये, तोवर व्हीआरएल लॉजिस्टिक्स झालेल्या या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि घरची कंपनी म्हणून तिचे पर्व संपले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल. कोगनोळीच्या नाक्यावर कागदांसाठी लागणाऱ्या रांगेचे एक कारण गेले.

राज्याची सीमा बदलली नाही आणि आपले म्हणणेही बदललेले नाही. तरीही या साऱ्या वर्षांत पेठ तुटली नाही, ती या कन्नड मालकाच्या, मराठी-कन्नड-उर्दू बोलणाऱ्या हमाल-ड्रायव्हरांच्या गाड्यांमुळे. हा आपलाही इतिहास आहे. आपल्या दुकानांच्या माळ्यावर जुन्या बिलट्यांची पुडकी आणि आवक-जावकीच्या वह्या अजून असतील. दिवाळीची साफसफाई करताना त्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. कोणत्या गावाशी आपल्या घराचा किती व्यवहार होता, हे त्यांत तारखेनिशी लिहिलेले आहे.