चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालये

पूर्व विदर्भातील या दोन वनजिल्ह्यांत गावचे वाचनालय बहुधा स्थानिक मंडळ चालवते आणि शासन त्याला अनुदान देते. या रचनेचा पाया म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967. गावकऱ्यांनी संस्था नोंदवून वाचनालय उभे करायचे. मग मान्यता मिळते, अ, ब, क, ड यांपैकी वर्ग ठरतो आणि त्यानुसार अनुदान येते. 1948 च्या मद्रास कायद्याने ग्रंथालय कर बसवला, तर महाराष्ट्राने लोकांच्या पुढाकारावर भिस्त ठेवली. बाजारपेठ, वकील, शिक्षक आणि देणगीदार असलेल्या गावांत हा मार्ग फळला. जंगलपट्टीत मात्र ‘आधी संस्था, मग अनुदान’ हा क्रमच आड येतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौ. किमी. आणि 2011 ची लोकसंख्या 10,72,942. म्हणजे दर चौ. किमी.ला सुमारे 74 माणसे. इतक्या विरळ वस्तीत जागा, कपाटे, देवघेव नोंदवही आणि रोज कुलूप उघडणारा ग्रंथपाल यांचा पहिला खर्च वर्गणीतून निघत नाही. जिथे निकड मोठी, तिथेच मदत शेवटी पोहोचते.

इथे शासनाने आधी मदत द्यावी म्हटले, की त्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मौखिक परंपरेच्या या मुलखात वाचनाची मागणीच नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव त्याला उत्तर देते. तेथील ग्रामस्थांनी अभ्यासगटांत बसून जंगलाचा आणि कायद्याचा अभ्यास केला आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. वाचन जगण्याशी जोडले गेले की मागणी आपोआप उभी राहते. त्यासाठी मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांच्या उपयोगाचे साहित्यही कपाटात हवे. दुसरा आक्षेप असा की, सरकारने सर्व भार उचलला तर गावाची आपुलकी आटेल. ही भीती रास्त आहे. पण त्यासाठी गावाला एकटे सोडण्याची गरज नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात 1910 नंतर ग्रंथालयांची योजना आखली गेली, तेव्हा गावाच्या वर्गणीला सरकारी वाट्याची जोड मिळाली आणि दूरच्या वाचकांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांनाही अशीच भागीदारी लागू पडते, फक्त क्रम बदलून: पुस्तके आणि ग्रंथपालाचे मानधन शासनाने आधी द्यावे, कारभार ग्रामसभेने पाहावा. विरळ वस्तीच्या जिल्ह्यांसाठी अनुदानाचा वेगळा निकष ठरवणे ही या भागातील ग्रंथालयांची पहिली गरज आहे.