बोकडाचे मटण : रोजचे ताट आणि मावळातला वाटा

१/ लोणावळ्याच्या हमरस्त्यावरील खानावळींत आज बाराही महिने मटणथाळी मिळते. बोकडाचे मटण आरोग्याला हितकर असल्याने ते रोजच्या आहारात असावे, असा सल्लाही ऐकू येतो. हितकर म्हणण्यात तथ्य आहे : १०० ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि चरबी जेमतेम २-३ ग्रॅम. प्रश्न ‘रोज’ या शब्दाचा आहे. मावळात ते कधी रोजचे अन्न होते काय?

२/ पुणे जिल्ह्यातील सर्वांत बोलका पुरावा मावळाबाहेरचा आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तेथे गाईबैलांसोबत शेळ्यामेंढ्यांची हाडे विपुल सापडली. इ. स. पू. १००० नंतर पाऊस घटला, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्यामेंढ्यांकडे अधिक वळले, अशी मांडणी म. के. ढवळीकरांनी केली. (तिच्यावर पुढे वादही झाले.) ही मांडणी मान्य केली, तर वाढलेले मटण सुबत्तेचे नव्हे, पडत्या काळाचे चिन्ह ठरते.

३/ मावळ निराळा. येथे धो धो पाऊस, भातखाचरे, डोंगरउतारावर नाचणी-वरी. सततच्या ओलीत शेळीचे खूर कुजतात. त्यामुळे माळरानासारखे मोठे कळप येथे पोसणे अवघड. पडवीत बांधलेल्या दोन-चार शेळ्या म्हणजे कुटुंबाची अडीनडीची ठेव. घरचा बोकड कापणे म्हणजे ती ठेव मोडणे.

४/ शिवाय गणित साधे आहे. २०-२५ किलोच्या बोकडाचे मटण १०-१२ किलो भरते. ते टिकवण्याची सोय नसताना एका घराला एका दिवसात कसे संपावे? म्हणून दहा-बारा घरांनी मिळून बोकड घ्यायचा आणि वाटे घालायचे. प्रत्येक वाट्यात मांस, हाड, काळीज, चरबी सारखी. इतकी घरे एकाच दिवशी तयार होणार ती सणाला, जत्रेला किंवा नवसाला.

५/ त्या नवसांचे मावळातील मोठे ठिकाण कार्ल्याचा डोंगर. किनाऱ्यावरचे कोळी-आगरी चैत्रात एकवीरेला येतात. बोकडाचा मान देवीचा, प्रसाद सर्वांचा. आणि देऊळ उभे आहे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी दारात!

६/ रोज मटण विकायचे तर रोज गिऱ्हाईक हवे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्यात पगारदारांची वस्ती वाढली. शेर-पावशेर तोडून विकणे खाटकाला परवडते ते अशा गावात. आसपासच्या खेड्यांत मात्र आजही जत्रेच्या दिवशी वाटेच पडतात.