आवाज म्हणजे ताकद? सायलेन्सर बदलताना काढलेली जुनी नोंद



यंदा आवणीच्या तोंडावर पॉवर टिलरचा सायलेन्सर गेला. खालचा पत्रा गंजून कुजला होता. चिखलणी चालू असताना भोक पडलं आणि असा काही दणदणाट सुरू झाला, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. आमच्या ठाकुर्लीत आता खाचरं कमी आणि खिडक्या जास्त.

मिस्त्री म्हणाला, "दादा, सायलेन्सर सोडा, सरळ नळी लावतो. पैसे वाचतील आणि टिलर ओढेलही जोरात." बाबा बांधावर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतो तो?" मी ओरडून सांगितलं. पुन्हा सांगितलं. तरी त्यांना ऐकू गेलं नाही. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं पंपाच्या डिझेल इंजिनाशेजारी काढली, तेही उघड्या नळीच्या. कान तिथंच गेले. म्हणून नळी लावायच्या आधी ठरवलं, आवाज म्हणजे ताकद हा समज आला कुठून ते बघायचं.

पहिली गोष्ट, हा समज एके काळी खराच होता. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली ती वाफेच्या इंजिनांवर. त्या इंजिनात सिलिंडरमधून सुटलेली वाफ मुद्दाम धुराड्यात वर सोडत. तिच्या झोताबरोबर भट्टीतून हवा ओढली जायची, कोळसा जास्त पेटायचा, आणखी वाफ तयार व्हायची. म्हणजे ती भकभक वाया जात नव्हती, तीच भट्टीचा भाता होती. चढावर आवाज वाढला की इंजिन जोर लावतंय हे लांबूनही कळायचं. आपल्या आज्या-पणज्यांचे कान या आवाजावर तयार झाले.

मग १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. त्यांना वीज देणारं रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस आपल्या ठाकुर्लीतलंच. ती इंजिनं भकभक न करता बोरघाट चढू लागली. आवाजाशिवाय ताकद असते याचा पुरावा आपल्याच गावातून तारेवरून जात होता. पण शेतात आलं ते डिझेल इंजिन, आणि त्यानं जुना समज पुन्हा जिवंत केला.

पेट्रोल-डिझेल इंजिनात एक्झॉस्टचा वाफेसारखा उपयोग नाही. झडप उघडते तेव्हा आतला जळका वायू अजून दाबाखाली असतो. तो एकदम बाहेर फुटतो, तोच फटाका. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्हज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्यांचा मूळ धंदा पुल्यांचा. वेग कमी-जास्त करणारी त्यांची पट्ट्याची पुली ज्या तत्त्वावर चालायची, तेच तत्त्व पुढं कंबाईन हार्वेस्टरमध्ये आलं.

सुरुवातीचे सायलेन्सर मात्र वायूची वाट फार अडवायचे. म्हणून जुन्या मोटारींना 'कटआउट' नावाची झडप असायची. चढ आला की ड्रायव्हर ती उघडायचा, वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर जायचा, गाडी गरजायची आणि थोडी हलकीही व्हायची. सायलेन्सर ताकद खातो हा समज असा पक्का झाला. दोष सायलेन्सर असण्याचा नव्हता, अरुंद वाटेचा होता.

आपल्याकडं साताऱ्याच्या कूपरनं १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. पुढं विहिरी-ओढ्यांवर इंजिनं आली. तिथं आवाजाचा एक फायदाही होता: घरी बसून कळायचं की पंप चालू आहे. सायलेन्सर गळून पडला तरी कुणाला खटकायचं नाही. किंमत मोजली ती कानांनी, हळूहळू.

ती किंमत मोजता येते. आठ तास काम करायचं तर ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. चिखलणी काय तासात उरकते? शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, त्यात शेतीचा ट्रॅक्टरही नाव घेऊन आहे. आणि २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणं वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही हद्द आहे.

आता मी काय बघून घेतला ते सांगतो.

तोंड: सायलेन्सरचा आतला व्यास इंजिनाच्या एक्झॉस्टच्या तोंडापेक्षा कमी नको. ताकद मरते ती इथं, किंवा काजळीनं आतली भोकं बुजल्यावर.

पोट: एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला साडेबारा धक्के देतं. हे धक्के जाड असतात. ते मुरवायला मोठं, आत कप्पे असलेलं पोट लागतं. लोकर भरलेली सरळ नळी बारीक, चिरका आवाज खाते, हा दणका नाही. म्हणून मोटारसायकलचा बारका डबा वेल्डिंग करून बसवू नये.

पत्रा: डिझेल जळताना पाणीही तयार होतं. पाच मिनिटं चालवून बंद केलं की ते आतच साचतं आणि गंज आतून लागतो. माझा तसाच गेला. पत्रा जाड घ्या, पावसात तोंड झाका.

जोड: पॅकिंग नवीनच टाका. फ्लँजमधून फुसफूस राहिली तर चांगला सायलेन्सरही व्यर्थ. आधाराची पट्टी घट्ट हवी, नाहीतर हादऱ्यानं मानेला चीर जाते.

जाळी: ठिणगी अडवणारी जाळी असेल तर काढू नका. पेंढ्याच्या उडवीजवळ तीच वाचवते.

दिशा: नळीचं तोंड चालवणाऱ्याच्या कानापासून लांब वळवा.

मी कंपनीच्या मापाचा बसवला, सरळ नळीपेक्षा महाग पडला. टिलर पूर्वीसारखाच ओढतो. आवाज पूर्ण गेलेला नाही, कारण इंजिनाचं अंग आणि गिअरही वाजतात. म्हणून कानात बोळे घालतोच. पण फटाका गेला.

शेवटच्या खाचरात बाबांना विचारलं, "आता बरा वाटतो का आवाज?" ते म्हणाले, "मला काय कळणार? तुझ्या पोराला विचार." पोरगा टिलरच्या मागं चालत होता. मी नेहमीच्या आवाजात हाक मारली. त्यानं वळून बघितलं.