थोरात, शंकरराव पांडुरंग पाटील

(१२ ऑगस्ट १९०६ – १० ऑगस्ट १९९२). भारतीय भूसेनेतील लेफ्टनंट जनरल, पूर्व विभागाचे सेनापती आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष. एस. पी. पी. थोरात या नावाने ते अधिक परिचित आहेत. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढे चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत आले. गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली राहावे लागू नये म्हणून इंग्रजांनी हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठच दळे मुक्रर केली होती. थोरातांची पलटण त्यांपैकीच एक.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हा भेद टिकला नाही. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगॉ येथे जपान्यांशी निकराची लढाई झाली. तिथे उतरलेल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या : कोदंडेरा थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीने ‘मेलरोज’ हे सांकेतिक नाव दिलेली टेकडी जपान्यांकडून हिसकावून घेतली. या तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली.

स्वातंत्र्यानंतरची त्यांची सर्वांत अवघड कामगिरी कोरियातली. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, पण मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न शिल्लक राहिला. असे २२ हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी होते. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे असे कैदी साडेतीनशेच्या वर होते. त्या सर्वांना सांभाळण्याची जबाबदारी भारतीय संरक्षक दलावर आली. दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते, तर कैद्यांच्या परतीचा प्रश्न सोडवण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून जवानांना इंचॉन बंदरातून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. त्यांच्या छावणीचे नाव ‘हिंद नगर’ होते.

कैद्यांमध्ये कडव्या टोळ्या होत्या आणि त्या भारतीयांनाच शत्रू मानीत. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून नेले. बाहेरून गोळीबार केला असता तर त्या अधिकाऱ्याचा जीव गेला असता आणि शेकडो कैदीही मेले असते. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि आपल्या माणसाला सोडवून बाहेर घेऊन आले. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला दलाला गोळीबार करावा लागला व त्यात कैदी मृत्युमुखी पडले, हेही नोंदवले पाहिजे. संयम किती कठीण होता ते त्यावरून कळते. कोरियातील धैर्याबद्दल थोरातांना अशोकचक्र वर्ग २ (आजचे कीर्तिचक्र) देण्यात आले. पद्मश्रीचेही ते मानकरी होते.

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि ईशान्य सरहद्दीचे रक्षण लष्कराकडे सोपवण्यात आले. थोरातांनी हिशेब मांडला : सरहद्दीवर रस्ते नाहीत, रसद विमानाने टाकावी लागते, माणसे अपुरी आहेत, उलट चिन्यांचे रस्ते पठारावरून थेट सीमेपर्यंत येतात. ऑक्टोबर १९५९ च्या आपल्या टिपणात त्यांनी सुचवले की, सीमेवरच्या ठाण्यांनी फक्त शत्रूची चाहूल द्यावी, मग त्याला अडवत, थकवत मागे यावे आणि खरी लढाई बोमदिला, झिरो, दापोरिजो अशा आतल्या ठिकाणी द्यावी. तिथे आपली रसद जवळ राहते व शत्रूची लांबते. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या नावाच्या सरावात त्यांनी हेच गणित वरिष्ठांपुढे मांडून दाखवले. सरसेनापती थिमय्यांनी टिपण पुढे पाठवले, परंतु संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चिनी आक्रमणाची भीती पटली नाही.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती थोरातांना होती. पण सरसेनापतिपद प्राणनाथ थापर यांच्याकडे गेले. सेवाज्येष्ठतेत थापर पुढे होते, तेव्हा ही निवड नियमबाह्य म्हणता येत नाही. थोरातही त्याच वर्षी निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजा सीमेलगतची नामका चू नदी ओलांडून आल्या, चारच दिवसांत तवांग पडले आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला व बोमदिला गेले. त्या नदीकाठी, रसदीविना, लढण्यास अयोग्य अशा जागी एक अख्खी ब्रिगेड मांडून ठेवल्याचा तो परिणाम होता. थोरातांची योजना जशीच्या तशी अमलात आली असती तर युद्ध जिंकले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण तिलाही पुरेसे सैन्य व रस्ते हवेच होते. पण जवानांना तिथे उभे करून मारले गेले नसते, एवढे नक्की.

पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. १९५९ चे ते टिपण आपल्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, असे नेहरूंनी सांगितल्याची हकिगत थोरातांनी नोंदवली आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्यांबरोबर त्यांचीही नेमणूक झाली. 

निवृत्त सेनापतींना राजदूतपदे, राज्यपालपदे मिळत. थोरातांकडे मात्र तहसील कचेऱ्यांपासून सचिवालयापर्यंत माणसे निवडून देण्याचे काम आले. नव्याने घडत असलेल्या महाराष्ट्र राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. लढायांइतके हे काम चर्चेत येत नाही, पण त्यांच्या चरित्रात त्याला कमी लेखू नये. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले; १९६२ पूर्वीच्या पूर्व सरहद्दीचा अभ्यास करणाऱ्यांना ते वाचावेच लागते. ‘नाबार्ड’चे माजी अध्यक्ष यशवंत थोरात हे त्यांचे पुत्र.