हा पिवळा पक्षी कोणता?

अंगणात दाणे टाकले की चिमण्या येतात, साळुंक्या येतात आणि एखाद्या दिवशी कधी न पाहिलेला पिवळा पाहुणाही येऊन बसतो. मुले विचारतात, "हा कोण?" आपण म्हणतो, "असेल कसला तरी पक्षी!" आणि वेळ मारून नेतो. परंतु वाचकहो, याच साध्या प्रश्नाला मुंबईत एकदा नीट उत्तर मिळाले, त्याचा हा इतिहास.

साल 1908 च्या सुमाराचे. खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या सालिम अली या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! हे पाखरू खायला चालेल का, अशी शंका आली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला चिटणीस मिलार्डसाहेबांकडे धाडले. साहेबांनी पीतकंठी चिमणी, म्हणजे आपली रानचिमणी, लगेच ओळखली आणि कपाटाचे खण उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले.

हे खण भरले होते हौशी मंडळींनी. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि ही संस्था निघाली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. आपापले नमुने आणावेत, टिपणे ताडून पाहावीत, एवढाच हेतू. मात्र त्या काळी पक्ष्याची खात्रीची ओळख हवी तर तो मारून हाती घ्यावा लागे. नावाची किंमत जिवाने मोजावी लागे म्हणा ना! पुढे 1941 साली सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले आणि फांदीवरचा जिवंत पक्षी चित्रावरून ओळखणे सामान्य माणसालाही साधू लागले.

ओळखताना नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. पिवळा म्हटला की आपल्याला हळद्या आठवतो. पण तो फळांचा आणि किड्यांचा भोक्ता, दाण्यांवर सहसा उतरत नाही. चोच आखूड, जाड आणि महिना पावसाळ्याचा असेल, तर तो बहुधा सुगरणीचा नर. विणीच्या दिवसांत त्याचे डोके नि छाती पिवळी होते. हंगाम सरला की तो चिमणीसारखा दिसू लागतो. म्हणजे आजचा परका पाहुणा हा उन्हाळ्यातला ओळखीचाच निघायचा! सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला याच सुगरणींची घरटी दिवसेंदिवस बसून न्याहाळली. घरटे नर विणतो, मादी ते पसंत करते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी टिपून ठेवले.

मुलाच्या हातातली चिमणी पाहून मिलार्डसाहेबही "असेल कसली तरी" म्हणू शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी खण उघडला. आपल्याला तरी याहून वेगळे काय करायचे आहे?