कांदेनवमीची कढई

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, मालेगाव तालुक्यातले जऊळका हे लहानसे स्थानक लागते. आणि या स्थानकाच्या पुण्याईने सरकारी दप्तरात मौजे जऊळक्याच्या नावापुढे ‘रेल्वे’ हे बिरुद कायमचे चिकटले आहे. ज्या गावाच्या नावाला रुळांनी उपपद दिले, त्याची हकिकत सांगू पाहणारा मनुष्य साहजिकच रुळांपासून आरंभ करील. मी मात्र कढईपासून करणार आहे. कारण आषाढ शुद्ध नवमीच्या संध्याकाळी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, या मुलखातल्या ज्या ज्या घरातून कांदा तळल्याचा खमंग वास रस्त्यावर येतो, त्या त्या घरातल्या कढईत वऱ्हाडच्या शेतीचा, व्यापाराचा आणि धर्माचाराचा जेवढा इतिहास एकवटलेला असतो, तेवढा एखाद्या जमाबंदीच्या बाडातही सापडायचा नाही.

या नवमीला कांदेनवमी म्हणतात. तिच्यानंतर दोन दिवसांनी देवशयनी एकादशी येते, भगवान विष्णू शेषशय्येवर पहुडतात, चातुर्मासाला प्रारंभ होतो, आणि नेमधर्म पाळणाऱ्या घरांतून कांदा, लसूण आणि वांगे यांना कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीपर्यंत बंदी होते. तेव्हा बंदीचा अंमल सुरू होण्यापूर्वी आप्तेष्टांना बोलावून कांद्याचा यथेच्छ समाचार घ्यावा, म्हणून त्या दिवशी कांद्याचे थालीपीठ, कांद्याचा झुणका, भरले कांदे असे नाना प्रकार पानात येतात. परंतु या सगळ्यांत अग्रपूजेचा मान कांदाभज्यांना, किंवा वऱ्हाडी तोंडाने म्हणायचे तर कांद्याच्या भज्यांना. पुण्याकडे ‘भजी’ म्हणतात आणि आमच्याकडे ‘भजे’; पुण्याकडे जे पिठले ते वऱ्हाडात नुसते ‘बेसन’. एकाच डाळीच्या पिठाला प्रांतोप्रांती निरनिराळी नावे मिळाली तरी कढईतली चुरचुर मात्र सर्वत्र सारखीच असते.

कांद्यावरची बंदी आजकालची नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लशुन, गृंजन आणि पलांडू हे द्विजांना अभक्ष्य ठरविले आहेत, आणि त्यातला पलांडू म्हणजेच आपला कांदा. सातव्या शतकात भारतभर हिंडून पुलकेशीच्या महाराष्ट्राचेही वर्णन करून ठेवणाऱ्या ह्युएनत्संगाने, या देशात कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि जे खातात त्यांना नगराच्या तटाबाहेर घालवतात, अशी नोंद केली आहे. परंतु त्याच पलांडूला चरकसंहितेने वातनाशक, बलवर्धक आणि रुचिवर्धक म्हटले आहे. धर्मशास्त्राने ज्याला पंक्तीतून उठविले, त्याला वैद्यकाने मागच्या दाराने माजघरात घेतले. आणि पुढे मोगली अमदानीत तर ‘दोप्याजा’सारख्या पदार्थाच्या नावातच कांदा विराजमान झाला. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची जी मापे दिली आहेत, त्यांत कांद्याचे वजन शेरांत टिपलेले आहे. आणि त्याच ग्रंथात सुभा वऱ्हाडच्या सरकारांची जी यादी आहे, तीत सरकार वाशीमही आहे. म्हणजे आपल्या मुलखाचा महसूल आणि बादशहाचा कांदा हे दोन्ही एकाच मुनशीच्या लेखणीखालून गेले.

परंतु या सर्व वादाचा निकाल पाहण्यास ग्रंथांपाशी थांबण्याचे कारण नाही. जऊळका ज्या तालुक्यात आहे त्या एका मालेगाव तालुक्यातच कांद्याविषयीच्या तिन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. याच तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे पुरातन क्षेत्र आहे. तिथे दूरदूरच्या देशांतून येणारा श्रद्धाळू जैन यात्रिक कांद्याला बारा महिने तेरा काळ वर्ज्य मानतो, कारण जमिनीखालच्या कंदात अनंत जीव वसतात ही त्याची दृष्टी. आणि याच तालुक्यातून, मेडशीवरून व शिरपुरावरून, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरीकडे जाते. १८७८ साली शेगावी प्रकट झालेल्या आणि १९१० साली समाधिस्थ झालेल्या या अवलियाच्या नैवेद्याच्या ताटात पिठले, भाकरी, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची आणि त्यांच्या शेजारी चक्क कच्चा कांदा असतो. एकीकडे जीवदयेने कांदा टाकला, दुसरीकडे भक्तीने तो देवापुढे ठेवला. आणि या दोहोंच्या मध्ये उभा असलेला सामान्य गृहस्थ आठ महिने कांदा खातो, चार महिने सोडतो, आणि सोडण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याचा निरोपसमारंभ करतो. कांदेनवमी ही या मधल्या माणसाने काढलेली तोड आहे.

तिला काही लोक धर्माची थट्टा समजतात. मला ते मान्य नाही. थट्टा करणारा मनुष्य बंदीच मोडतो. हा तर बंदी पाळण्याच्या पूर्वतयारीला लागलेला असतो. शहाणा राज्यकर्ता नवीन कायदा पुकारल्याबरोबर त्याची अंमलबजावणी करीत नाही, तर रयतेला मुदत देतो, शिल्लक मालाची विल्हेवाट लावू देतो. तशी ही दोन दिवसांची मुदत आहे. आणि ‘शिल्लक माल’ हे शब्द मी अलंकार म्हणून योजलेले नाहीत. रब्बीचा कांदा चैत्र-वैशाखात निघतो, सुकवून घरात किंवा चाळीत भरला जातो, आणि आषाढात हवेला ओल सुटली की त्याच ढिगात कुठे कोंब फुटतो, कुठे काजळी धरते, कुठे एक कांदा आतून पिचतो व शेजारच्या दहांना नासवतो. अशा वेळी ढीग उपसावा लागतो, प्रत्येक कांदा बोटाने दाबून पाहावा लागतो. जो घट्ट तो परत ढिगात, जो नरम तो आज विळीवर. माझ्या समजुतीप्रमाणे कांदेनवमी ही मुळात कांद्याच्या ढिगाची वार्षिक झडती होती. तिला तिथी मिळाली, तिथीला देव मिळाला, आणि घरकामाला सणाचा दर्जा प्राप्त झाला.

असा निवडलेला कांदा ज्यात तळायचा, त्या तेलाचा इतिहास तर या भूमीच्या इतिहासाचाच एक सर्ग आहे. डाळींची पिठे व वड्यांचे प्रकार तळण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. कल्याणीच्या चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात अशा पदार्थांचे साक्षेपाने वर्णन आहे. हरभरा वऱ्हाडच्या काळ्या रानात पिकत होता, आणि तेलासाठी जवस, तीळ व करडई होती. तेल्याच्या लाकडी घाण्यावर बैल फिरे, आणि त्या घाण्याच्या धारेवर गावची तळणी चाले. मिरची मात्र उपरी. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात किनाऱ्यास लागली, आणि नंतर अशी काही रुजली की तिच्याशिवाय वऱ्हाडी जेवणाची आज कल्पनाही करवत नाही.

पुढे १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या आगगाडीने अकोल्याला मुंबईच्या कापूस बाजाराशी जोडले, आणि शेतातल्या अन्नधान्याची जागा कपाशीने घेण्यास आरंभ केला. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वाटले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा जन्मास आला. या मधल्या काळात वाशीमकडचा माल बैलगाडीच्या चाकावरच हिंडत होता. खांडव्यापासून हिंगोलीपर्यंतचा मीटरगेज मार्ग दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९६० च्या आसपास तयार झाला, तेव्हा कुठे या बाजूच्या गावांना गाडीची शिट्टी घरबसल्या ऐकू येऊ लागली; २००८ मध्ये अकोला–पूर्णा हा मार्ग रुंद झाला. दरम्यान कढईत जवसाच्या जागी शेंगदाण्याचे तेल आले, मग सरकीचे आले, आणि गेल्या तीन-चार दशकांत कपाशीची व ज्वारीची राने सोयाबीनने व्यापल्यावर बहुतेक घरांत सोयाबीनचे शुद्ध केलेले तेल आले. एखाद्या म्हातारीला विचारा. ती सांगेल की जवसाच्या तेलातल्या भज्याला जी चव होती ती आता राहिली नाही. यात स्मृतीचा गोडवा किती आणि तेलाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कारण पंचवीस पाहुणे बसलेले असताना शेवटचे भजेही पहिल्याइतकेच कुरकुरीत निघावे, ही विद्या इतिहासाहून कमी गहन नाही. भज्याचे दोन संप्रदाय आहेत. पहिला चकतीचा: कांदा आडवा चिरायचा, चकतीची वलये सुटी करायची, आणि प्रत्येक कडे पिठात बुडवून तेलात सोडायचे. हा प्रकार पाश्चात्त्यांनाही परिचित आहे. जॉन मोलार्ड नावाच्या इंग्रज आचाऱ्याने १८०२ च्या आपल्या पुस्तकात कांद्याच्या जाड चकत्या पीठ, साय आणि चीज यांच्या मिश्रणात बुडवून चरबीत तळण्याची कृती दिली आहे. दुसरा संप्रदाय खेकडा भज्यांचा, आणि तो अस्सल आपला. यात कांदा उभा, लांब, कागदासारखा पातळ चिरतात, पाकळ्या हाताने मोकळ्या करतात, मीठ चोळून पंधरा मिनिटे झाकून ठेवतात. मिठाच्या ओढीने कांद्याला पाणी सुटते. त्या पाण्यात जेवढे पीठ भिजेल तेवढेच घालायचे, वरून पाण्याचा थेंब नाही. किलोभर कांद्याला ३०० ते ४०० ग्रॅम डाळीचे पीठ पुरते. त्यात मूठभर तांदळाची पिठी, तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, आणि शेवटी पळीभर कडकडीत तेलाचे मोहन. पीठ हे कांद्याचे पांघरूण नव्हे, नुसते अस्तर असावे.

तेल पुरते तापले की नाही, हे पिठाचा एक थेंब टाकून पाहावे. तो तळाशी जाऊन तत्काळ वर आला की समजावे. कांद्यातले पाणी वाफ होऊन बाहेर धावते तोवर तेलाला आत शिरकाव मिळत नाही. म्हणून तेल थंड असले, किंवा हौसेने एकदम खूप भजे सोडल्यामुळे थंड झाले, की वाफेचा जोर सरतो आणि भजे तेल पिऊन बसते. हाताच्या बोटांनी मिश्रण विस्कटून सोडावे, म्हणजे पाकळ्यांचे पाय सर्व बाजूंनी पसरतात आणि खेकडा हे नाव सार्थ होते. पिठाचे मिश्रण एकदाच करून ठेवू नये. मीठ आपले काम थांबवीत नाही, अर्ध्या तासात पीठ पातळ होते आणि मग कोरडे पीठ ओतून ओतून भज्याचा गोळा होतो. जाणती गृहिणी म्हणून कांदा आधी चिरून ठेवते, पण मीठ आणि पीठ घाण्याघाण्याने लावते. कांदा पांढरा मिळाला तर उत्तम, कारण त्यात पाण्याचा अंश कमी असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘अकोला सफेद’ नावाचे पांढऱ्या कांद्याचे वाणच प्रसृत केले आहे. तळलेले भजे झाऱ्यावर निथळून पसरट ताटात ठेवावे. डब्यात झाकले की स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडते. आणि यजमानीण शेवटी जेवेल ही रीत त्या दिवशी तरी मोडावी, कारण गार भजे हा कुणाच्याही सौजन्याचा मोबदला होऊ शकत नाही.

निषेधापूर्वी मेजवानी करण्याची ही वृत्ती केवळ आपलीच नाही. गोव्यातला ख्रिस्ती समाज चाळीस दिवसांच्या उपवासपर्वापूर्वी इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, साजरा करतो, त्याच्या मुळाशी हेच शहाणपण आहे. आपल्याकडे मात्र या शहाणपणाला एक गमतीची किनार आहे. नवमीला ज्या कढईत कांदा तळला, तीच घासूनपुसून एकादशीला चुलीवर चढते आणि तिच्यात साबुदाण्याचे वडे पडतात. त्यातला साबुदाणा ज्या कंदाचा तो, त्यात कुस्करलेला बटाटा, त्यातले दाणे आणि हिरवी मिरची, ही चारही मंडळी मूळची अमेरिकेतली. मनूला ज्यांची नावेही ठाऊक नव्हती ते उपवासाला चालतात, आणि ज्याला त्याने नावानिशी ओळखले तो कांदा दाराबाहेर उभा राहतो. धर्माचाराने नव्या पाहुण्यांना मुक्तहस्ते प्रवेश दिला, हा त्याचा उदारपणाच म्हणायचा.

आज बंदी पाळणारी घरे कमी झाली, आणि बंदी न पाळताच कांदेनवमी साजरी करणारी पुष्कळ झाली. सोडायचे काहीच नसेल तर निरोप कसला द्यायचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदा विचारावा. चार महिने न जमले तर चार दिवस तरी कांदा सोडून पाहावा, म्हणजे भज्याची खरी किंमत कळेल. ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे अशा अनेक घरांत ही बंदी कार्तिकीलाही उठत नाही. ती मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, चंपाषष्ठीपर्यंत चालते. त्या दिवशी वांग्याचे भरीत होते, रोडगा होतो, आणि नैवेद्याच्या ताटात कांद्याची हिरवी पात ठेवली जाते. तोवर पावसाळी लागवडीचा नवा कांदा रानातून निघू लागलेला असतो.