एजंटला कळेल असे लिहिताना : प्रस्तावना

गेम घडवण्याच्या कामात आता माणसाच्या जोडीला एआय एजंट आला आहे. गोडो, युनिटी किंवा अनरियल या गेम इंजिनांच्या एडिटरला योग्य प्लगइन जोडले, की आपण साध्या भाषेत सांगितलेले काम तो करतो : सीन उघडतो, नोड जोडतो, वस्तू हलवतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि अशी जोडणी बरीच सोपी झाली. त्यात प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा एजंटपुढे येतो. टूलच्या आतला कोड सहसा त्याला दिसत नाही. कोणते टूल कधी वापरायचे, हे तो मुख्यतः या वर्णनावरून ठरवतो. ती चार-सहा वाक्ये नीट कशी लिहावीत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच घेऊ. नगरच्या भुईकोट किल्ल्यावर गेम करायचा आहे : 1595–96 चा मुघलांचा वेढा, आत चांदबीबी. किल्ला साधारण वर्तुळाकार, भोवती खंदक. म्हणजे प्रत्येक बुरूज वेगळ्या कोनात वळवून बसवावा लागणार. टूलच्या वर्णनात नुसते ‘कोन’ लिहिले, तर एजंट 90 पाठवून मोकळा होईल. गोडोच्या इन्स्पेक्टरमध्ये कोन अंशांत दिसतो, पण कोडमधल्या ‘रोटेशन’ला रेडियन लागतात. 90 रेडियन दिले तर बुरूज चौदा फेऱ्या घेऊन सुमारे 117 अंशांवर थांबतो. तटाची उंची 10 दिली, तर गोडो आणि युनिटीत ती 10 मीटर समजली जाते आणि अनरियलमध्ये 10 सेंटीमीटर. पहिल्या दोन्हींत वर जाणारा अक्ष वाय, अनरियलमध्ये झेड. एजंटला या तिन्ही इंजिनांची माहिती असते, म्हणूनच आपण जे सांगत नाही ते तो अंदाजाने भरतो. एकक आणि दिशा लिहिणे ही वर्णनाची पहिली अट आहे.

दुसरी अट परिणाम सांगण्याची. गोडोत प्लगइनमधून नोड जोडला आणि त्याचा ‘ओनर’ ठरवला नाही, तर नोड पडद्यावर दिसतो, पण सीनच्या यादीत येत नाही आणि सीन सेव्ह केला तरी फाईलमध्ये उतरत नाही. ही काळजी टूलच्या कोडनेच घ्यायची. वर्णन मात्र असे हवे : ‘उघड्या सीनमध्ये, दिलेल्या नोडखाली नवा नोड जोडते. दिलेला नोड सापडला नाही तर काहीही न बदलता चूक कळवते. सीन सेव्ह करत नाही. त्यासाठी वेगळे टूल आहे. काम झाल्यावर नव्या नोडचा पूर्ण पाथ परत देते.’ पाचच वाक्ये. पण काय घडते, काय घडत नाही आणि पुढे काय करायचे, हे तिन्ही त्यात आले. नुसते ‘नोड जोडते’ लिहून यातले काहीच कळत नाही.

नोड काढून टाकणाऱ्या टूलबाबत तर जास्तच जपावे लागते : ते अंडू करता येते का, पोटातले नोडही जातात का, हे आधीच लिहिलेले असावे. दोन टूल सारखी दिसत असतील, तर कोणते केव्हा वापरू नये हेही सांगावे. मात्र वर्णन फुगवू नये. सगळ्या टूलांची वर्णने एजंटला सहसा एकाच वेळी वाचावी लागतात, आणि पाल्हाळात कामाची अट बुडून जाते.

लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना या विषयात मनापासून बोलावतो. क्षेत्र नवे आहे, त्यात जाणकार अजून थोडे आहेत, आणि गोडो तर मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोडिंग येत नसेल पण नेमके लिहिता येत असेल, तरी इथे तुमची गरज आहे. पुढची प्रकरणे एडिटर उघडा ठेवून वाचा. एका टूलचे वर्णन लिहा, एजंटला छोटे काम द्या, आणि तो चुकला तर त्याला दोष देण्याआधी आपले वाक्य पुन्हा वाचा.